आधी पाणी, मग पुरावा

अंबरनाथच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये बातमी पसरायला भोंगा वाजावा लागत नाही, सार्वजनिक नळ पुरतो. कर्णिकांची कुंदा बी. ए. झाली आणि आता मुंबईच्या लॉ कॉलेजात जाते आहे, हे नळावर कळलं तेव्हा शेजारच्या सुनंदाकाकूंनी हंडा खाली ठेवला आणि कुंदाच्या आईला, माईंना, सरळच विचारलं, "अहो माई, आता हिच्यासाठी नवरा बघायचा की अशील?"

माई म्हणाल्या, "आधी अशील बघते म्हणाली. तो पळून गेला तर निदान चारचौघांत बोभाटा होत नाही."

कुंदाचे वडील श्यामकांत कर्णिक आमच्या फॅक्टरीत तपासणी खात्याचे साहेब. मी त्यांच्या हाताखाली अप्रेंटिस होतो, म्हणून त्यांचा स्वभाव मला घरच्यांइतकाच ठाऊक. कारखान्यातून येणाऱ्या पितळी नळ्या आम्ही गेजमध्ये घालून बघायचो. गेजच्या एका तोंडात नळी गेली पाहिजे, दुसऱ्यात जाता कामा नये. गेली तर बाद. कर्णिक साहेबांचं सगळं जगणं त्या गेजसारखं होतं. त्यांचा एक नियम तर खात्यात पाठच होता. ज्याचा माल तपासायचा, त्याच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. एकदा नळ्यांच्या शॉपमधल्या फोरमनच्या मुलीचं लग्न होतं. साहेब गेले, अक्षता टाकल्या, आहेर दिला, आणि भर वैशाखात तहानलेलेच घरी आले.

कुंदाच्या वकिलीबद्दलही त्यांनी असंच माप ठरवलं. पहिलं वर्ष झालं, परीक्षा झाली, तेव्हा ते म्हणाले, "पुस्तकं पाठ करता येतात, ते मी पाहिलं. वकिली जमते का, ते मला सांगता यायचं नाही, तुलाही यायचं नाही. जो वकील आहे त्यानं सांगावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणा वकिलाकडे काम कर. त्यानं तोंडावर सांगितलं की ही मुलगी चालेल, तर दुसरं वर्ष. नाही म्हणाला, तर बदलापूरच्या शाळेत मास्तरीण हवी आहे. चालेल?"

"चालेल," कुंदा म्हणाली. तिला वाटलं, केवढं सोपं!

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये 'केवलरमाणी आणि प्रधान, वकील' अशी पाटी होती. प्रधान वकील बहुतेक कल्याणच्या कोर्टात असायचे. ऑफिसात बसायचे ते केवलरमाणी. फाळणीच्या आधी सिंधमधल्या हैदराबादला त्यांची मोठी वकिली होती. ते स्वतः विद्यार्थी असताना तिथल्या एका जुन्या वकिलानं त्यांना उन्हाळाभर आपल्या ओट्यावर बसवून काम शिकवलं होतं. तिकडचं घर गेलं, बाग गेली, कायद्याची पुस्तकं गेली. ती उन्हाळ्याची रीत तेवढी केवलरमाणींनी इकडे आणली. लष्करासाठी बांधलेल्या बराकीत त्यांचं ऑफिस होतं, मधे गोणपाटाचा पडदा. तरीही दर उन्हाळ्यात ते लॉ कॉलेजचे दोन विद्यार्थी घ्यायचे. आधी नकला करायला लावायचे, मग अशिलांचं ऐकायला बसवायचे, आणि शेवटी प्रत्येकाच्या हाती एक लहानसं प्रकरण द्यायचे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते त्याचंच. बुडवलं तरी त्याचंच.

प्रधान वकील चेष्टा करायचे, "केवलदादा, लोक उन्हाळ्यात लोणची घालतात, तुम्ही वकील घालता."

त्या ऑफिसची आणखी एक रीत होती. कुणीही आलं की आधी समोर भाजलेला पापड आणि गार पाण्याचा पेला यायचा. अशील रडत आलेला असो, भांडत आलेला असो, पाणी पिऊन होईपर्यंत केवलरमाणी कामाचा शब्द काढत नसत. सिंधी माणसाच्या घरची ही पद्धतच आहे, पण ते ती ऑफिसातही पाळायचे. म्हणायचे, "पापड चावताना माणूस खोटं बोलू शकत नाही. आवाज होतो."

कर्णिक साहेब कुंदाला पोचवायला गेले त्या दिवशी त्यांच्यापुढेही पापड-पाणी आलं. साहेब उभेच राहिले. म्हणाले, "माफ करा. सुट्टी संपताना मी तुमच्याकडून हिच्याविषयी ऐकायला येणार. ज्याचं मत घ्यायचं त्याचं पाणी मी घेत नाही."

दुसरा कुणी असता तर रागावला असता. केवलरमाणींनी पेला झाकून ठेवला आणि हसून म्हणाले, "ठीक आहे, कर्णिक साहेब. आपका पानी हमारे पास रहा."

दुसरा विद्यार्थी होता हरिचंद्र भोईर. बदलापूरच्या हेंद्रेपाड्याचा, शेतकऱ्याच्या घरचा, त्या घरातला पहिला बी. ए. कॉलेजात तो कुंदाला 'मिस कर्णिक' म्हणायचा. इथे आल्यावर आठवड्याभरात तिची 'कुंदाबाय' झाली आणि त्याचा 'हरिभाऊ'. पुढची बरीच हकीकत मला त्याच्याकडूनच कळली, कारण सांगायची वेळ आली की कुंदा आपल्या फजितीचा भाग गाळते.

कुंदा अंबरनाथहून कॅम्प पाचपर्यंत चालत जायची. त्याच रस्त्यानं बनूबाई जायची. बनूबाईही हेंद्रेपाड्याचीच. डोक्यावर काकड्यांची पाटी, काखेत कोथिंबिरीचं गाठोडं. चालता चालता ओळख झाली. ही पोर वकिलाकडे कामाला आहे हे कळल्यावर बनूबाईनं पाटी न उतरवताच आपलं गाऱ्हाणं सांगितलं.

"आगं बाय, मी ज्या बराकीच्या कोपऱ्याशी बसतंय, तिथं आता टेकचंद कापडवाल्यानं फळी ठोकलीन्. म्हनतो, ही माझे दुकानाम्होरची जागा. आरे, तुजं दुकान कालचं! ही सिंधी मानसं नवी नवी आली ना, तवापासून मी तिथं बसतंय. आता मी रस्त्यावं बसू? टांगं माझे काकड्यांवरून जातील."

कुंदानं ते ऑफिसात सांगितलं. केवलरमाणींनी सगळं ऐकून घेतलं.

"कोर्टात गेलीस तर जज्ज विचारेल, कागद कुठे आहे? काकडीवालीकडे कागद कुठून असणार? कोर्टात जाऊ नकोस. इथल्या पंचायतीकडे जा. तिथल्या प्रमुखांचा, मुखीसाहेबांचा, शब्द टेकचंद मोडणार नाही. आणि मुखी काय विचारतील? इथला एक जुना रहिवासी उभा करा, जो सांगेल की ही बाई आधीपासून इथे बसते. असा माणूस शोध. हे तुझं प्रकरण, कुंदा बेटी. सुट्टी संपायच्या आधीच्या रविवारी पंचायत बसते. तुझ्या वडिलांनाही त्याच दिवशी बोलाव. आधी पंचायतीत बघतील, मग माझ्याकडे येतील."

माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. त्या कोपऱ्यासमोरच पारपती अम्मा राहायची. बराकीतलं सगळ्यांत जुनं घर तिचं. विधवा बाई, पापड लाटून तिनं दोन मुलं मोठी केली होती. केवलरमाणींच्या ऑफिसातला पापडही तिच्याच हातचा. दारासमोर खाटांवर धुतलेली पांढरी लुगडी अंथरलेली आणि त्यांवर पापड वाळत घातलेले. अम्मा आणि बनूबाईची जुनी मैत्री. एकीला मराठी येत नाही, दुसरीला सिंधी येत नाही, आणि दोघींचं हिंदी कुणालाच कळत नाही. तरी दुपारभर गप्पा चालायच्या.

कुंदा केस नीट विंचरून, पदर खोचून अम्माकडे गेली. अम्मानं खाट झटकली, बसवलं, आणि आत जाऊन पापड भाजला. पितळेच्या पेल्यात पाणी आणलं.

आता इथे कुंदाच्या डोक्यात वडिलांचं गेज आलं. ऑफिसात ती रोज पापड खायची, तो प्रश्न वेगळा. तिथे ती शिकाऊ. पण इथे अम्मा साक्षीदार होती, आणि कुंदा तिची साक्ष तपासायला आली होती. ज्याचा माल तपासायचा, त्याच्या घरचं पाणी...

"नको अम्मा," कुंदा म्हणाली.

"अरे, बच्ची, इतनी धूप में आई है. पी."

"नको, खरंच नको. आधी मला सांगा, बनूबाई इथे कधीपासून बसते?"

"पापड तो ले."

"अम्मा, तुम गवाह है. हम तुम्हारा पानी नहीं ले सकता."

कुंदाला वाटलं, आपण फार स्वच्छ वागलो. अम्मानं पेला उचलला, पापडावर फडकं टाकलं. चेहरा एकदम बंद झाला, दुकानाची फळी लावावी तसा. "मुझे कुछ याद नहीं," ती म्हणाली, आणि लाटणं हातात घेतलं.

कुंदानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. लाटण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

ऑफिसात येऊन तिनं हे हरिचंद्राला सांगितलं, ते जणू अम्माच फितूर झाल्यासारखं. हरिचंद्रानं कपाळावर हात मारला.

"कुंदाबाय, काय केलंस तू! पाणी नाय घेतलं?"

"साक्षीदाराचं कसं घेणार? उद्या कुणी म्हणालं, फितवलं, तर?"

"आगं, आमचे पाड्यावर कुणी घरी येऊन पाणी नको म्हनला तर आम्ही समजतो भांडायला आला. आणि ही तर घरदार सोडून आलेली मानसं. तिला वाटलं आसंल, ही मोठ्या घरची पोर, निर्वासिताच्या हातचं हिला चालत नाय."

कुंदाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यात बनूबाईनं राहिलेली कसर भरून काढली.

"माझी वकील! वकील ना काय! आठ वर्सां मी तिचे हातचं पानी पितंय आन् तू एक पेला पीत नाय? ती मना काय म्हनली ठाव हाय? म्हनली, बनू, तुजेसाटी मी मुखीसमोर बोलली असती, पन त्या पोरीबरोबर मी उभी राह्यची नाय. आता माझी जागा गेली आन् तुजी वकिली बी गेली. चल, ही गाठोडी तरी धर."

कुंदानं गाठोडी धरली. चालता चालता तिला बदलापूरच्या शाळेचा फळा दिसायला लागला. वाईट काही नव्हतं त्यात. पण तिला तो नको होता.

माफी मागायला जावं, तर अम्मा दारात उभी करेना. पाणी द्या म्हणावं, तर तेही बरं दिसेना. ज्या घरचं पाणी काल नाकारलं तिथे आज मागायचं कोणत्या तोंडानं? केवलरमाणींना विचारलं तर ते म्हणाले, "प्रकरण तुझं आहे," आणि वर्तमानपत्र पुढे धरलं. हरिचंद्र शपथेवर सांगतो की वर्तमानपत्र उलटं होतं.

मग कुंदानं जे केलं ते लॉ कॉलेजच्या कुठल्याच तासाला शिकवत नाहीत. ती बनूबाईशेजारी जाऊन बसली. टेकचंदच्या फळीच्या कडेला, अम्माच्या अगदी दारासमोर, मांडी घालून. काकड्या पुढे मांडल्या.

"तू हितं कशाला बसलीस?" बनूबाईनं विचारलं.

"जागा कशी असते ते बघते."

"जागा बघायला बसून कशाला र्‍हावं लागतं? आनि आगं, कोवळ्या काकड्या वर ठेव, जून खाली. देवा रे! वकिलांना काय बी कळत नाय."

टेकचंद दुकानातून बघत होता. गोरागोमटा, पोट सुटलेला, बोलायला गोड माणूस. त्याला गंमत वाटली. "वकील साहिबा, केस के साथ ककडी भी बेचेंगी? क्या भाव?"

"तुम्हारे लिए भाव नहीं," कुंदा म्हणाली. "तुम दूसरी पार्टी है."

ऊन चढलं. लोखंडी पत्रे तापले, रस्त्यावरची धूळ उडायला लागली. कुंदाचा गळा कोरडा पडला, ओठ सुकले. बनूबाईनं काकडी पुढे केली, तिनं ती परत पाटीत ठेवली. समोर अम्मा खाटेवरचे पापड उलटत होती. एकदा तिनं कुंदाकडे पाहिलं. मग पाहिलंच नाही. मग पुन्हा पाहिलं. पापड उलटून झाले तरी ती तेच पापड पुन्हा उलटत होती.

सिंधी घराच्या दारासमोर कुणी तहानलेलं बसलंय आणि घरची बाई सावलीत आहे, ही गोष्ट अम्माला सहन होणारी नव्हती. आणि कुंदाला ते आता कळलं होतं. शेवटी अम्मा आत गेली. बाहेर आली ती पितळेचा पेला घेऊन. पेला कुंदासमोर धरला आणि मान दुसरीकडे वळवली, म्हणजे ही नको म्हणाली तर आपल्याला बघायला नको.

कुंदानं दोन्ही हातांनी पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. तोंड पुसलं. मग म्हणाली, "अम्मा, और पापड?"

अम्मानं वळून पाहिलं. मग तिचं हसू असं सुटलं की हातातलं फडकं खाली पडलं. "बदमाश! कल क्यों नहीं खाया?"

कुंदानं तिला सगळं सांगितलं. वडिलांचं गेज, पितळी नळ्या, फोरमनच्या मुलीचं लग्न. बनूबाईनं त्याचं आपल्या हिंदीत भाषांतर केलं, त्यामुळे ते आणखीच अवघड झालं. अम्माला एवढं मात्र कळलं की या पोरीचा बाप कुणाच्याच घरचं पाणी पीत नाही, निर्वासित असो की नसो. "हाय बिचारा!" ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं. मग जागेचं विचारायला टेकचंदही येऊन गेल्याचं तिनं सांगितलं.

रविवार आला. पंचायत एका मोकळ्या बराकीत बसली होती. जमिनीवर सतरंज्या, पुढे मुखीसाहेब, पांढऱ्या मिशांचे. एका अंगाला टेकचंद, दुसऱ्या अंगाला कुंदा आणि बनूबाई. बनूबाईनं लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि सवयीनं पाटीही आणली होती. केवलरमाणी आणि हरिचंद्र कडेला बसले. कर्णिक साहेब मागे दारापाशी उभे, हात पाठीशी, खात्यात उभे राहतात तसे.

कुंदानं अम्माला विचारलं, बनूबाईला इथे पहिल्यांदा कधी पाहिलं?

अम्मा उभी राहिली. म्हणाली, "मुखीसाहेब, हम आए, तब हमारे दरवाजे को परदा भी नहीं था. मेरा छोटा रो रहा था. ये औरत सामने कोने में बैठी थी. न वो मेरी बोली समझे, न मैं उसकी. उसने ककडी काटी, नमक लगाया, मेरे बच्चे को दी. इस गाव में पहली चीज हमने वो खाई. टेकचंद का दुकान? तब तो टेकचंद की शादी भी नहीं हुई थी."

बराकीत हसू पसरलं. बनूबाई पदराआड काहीतरी करत होती. ती नाक पुसत होती. मुखींनी मान डोलावली. आता झालंच, असं हरिचंद्राला वाटलं. तेवढ्यात टेकचंद उठला.

"मुखीसाहेब, ये गवाही नहीं चलेगी. ये वकील लडकी अम्मा के घर पानी पीती है, पापड खाती है. मैंने अपने दुकान से देखा है. गवाह तो इनके घर का आदमी हो गया!"

कुंदानं न ठरवता मागे पाहिलं. दारापाशी वडिलांचा चेहरा तसाच होता, पण त्यांनी पाठीमागचे हात पुढे घेतले होते. टेकचंद त्यांचाच नियम बोलला होता. अगदी त्यांच्याच शब्दांत म्हणावं तसा. केवलरमाणी छताकडे बघत होते. हे प्रकरण तिचं होतं.

मुखींनी विचारलं, "पापड खाया, बेटी?"

"हो, खाया. पानी भी पिया." कुंदाचा आवाज जरा घसरला. मग ती टेकचंदकडे वळली. "टेकचंद दादा, आपण पण अम्माकडे गेला होता ना? या जागेचं विचारायला?"

"गया था. पडोसी हूँ."

"अम्मानं समोर काय ठेवलं?"

टेकचंदनं अम्माकडे पाहिलं. "...पापड-पानी."

"मग खाया?"

"तो क्या मना करता? अम्मा बुरा मान जाती!"

"दो खाए!" अम्मा बसल्या जागेवरून ओरडली. "और ऊपर से अचार माँगा!"

आता हसू आवरेना. मुखीसाहेबांच्या मिशासुद्धा हलल्या. कुंदा म्हणाली, "मुखीसाहेब, मी एक खाल्ला, दादांनी दोन खाल्ले. तरी अम्मा माझ्या बाजूनं बोलली. पापडानं साक्ष फिरत असती तर ती टेकचंद दादांकडे फिरली असती."

मुखी टेकचंदला म्हणाले, "सुना? इस कॅम्प में अम्मा का पापड किसने नहीं खाया? मैंने भी खाया है. फिर तो मैं भी मुखी नहीं रहा."

निवाडा झाला. बनूबाईची जागा बनूबाईची. टेकचंदनं फळीचा कोपरा कापायचा. दुपारी दुकानाच्या पडद्याची सावली मात्र तिच्या पाटीवर येऊ द्यायची. टेकचंदनंही फार ताणलं नाही. म्हणाला, ककडी घ्यायला बाया येतात त्या कापडही बघतात, नुकसान काही नाही.

"मंग ह्या आधी नाय सुचला तुना?" बनूबाई म्हणाली, आणि पाटीतली एक कोवळी काकडी त्याच्या हातात ठेवली.

तिथून सगळे केवलरमाणींच्या ऑफिसात आले. आता कुंदाचा निवाडा व्हायचा होता. अम्मानं आज मुद्दाम घरून ताजे पापड पाठवले होते. केवलरमाणींनी स्वतःच्या हातानं पेला भरला आणि कर्णिक साहेबांपुढे ठेवला.

"बसा, साहेब. आपका पानी."

साहेब बसले. पेल्याला हात लावला नाही. "आधी मला सांगा, माझी मुलगी चालेल का? मग पाणी."

"इस ऑफिस में पहले पानी, फिर बात," केवलरमाणी म्हणाले.

"मी तुमचं मत तपासायला आलोय. तुमचं पाणी पिऊन ते कसं ऐकू?"

"मैं प्यासे आदमी को जवाब नहीं देता. आज तक नहीं दिया."

दोघंही हसतमुख, दोघंही हलायला तयार नाहीत. हरिचंद्र सांगतो, एवढा अडलेला दावा त्यानं अजून कोर्टातही पाहिला नाही. पापड टेबलावर तसाच. कुंदा दोघांच्या मधे उभी, तिचं दुसरं वर्ष त्या भरलेल्या पेल्यात अडकलेलं.

शेवटी ती वडिलांना म्हणाली, "बाबा, तुमचा नियम नळीसाठी बरोबर आहे. नळी रुसत नाही. पाणी घेतलं काय, न घेतलं काय, ती गेजमध्ये जायची तशीच जाते. माणसाचं पाणी नाकारलं की ते रुसतं. मग गेज लावायलासुद्धा ते जवळ येऊ देत नाही. मी करून बघितलंय."

साहेब खुर्चीत तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "म्हणजे टेकचंदचा आक्षेप चूक?"

"आक्षेप बरोबर होता. म्हणून तर उत्तर द्यावं लागलं."

साहेबांच्या ओठाचा एक कोपरा हलला. पण पेल्याकडे हात गेला नाही. "मी इतक्या वर्षांत आधी पाणी घेतलेलं नाही, कुंदे."

"आणि केवलरमाणी साहेबांनी आधी शब्द दिलेला नाही," कुंदा म्हणाली. "मग कुणीच आधी नको. दोघांनी एकदम. बाबा, तुम्ही पेला उचला. साहेब, तुम्ही तयार राहा. मी तीन म्हटलं की बाबा पितील आणि तुम्ही बोलाल. कबूल?"

केवलरमाणींनी टेबलावर थाप मारली. "कबूल!"

साहेबांनी पेला उचलला. हरिचंद्र दारातून पुढे सरकला. कुंदानं एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि तीन म्हणताना तिचा स्वतःचाच आवाज फुटला.

"ये टेबल इसका है!" केवलरमाणी म्हणाले. "पढाई खतम करके आए, बैठे! और तब तक हर उन्हाळा इधर!"

साहेबांना ठसका लागला. पाणी नाकात गेलं, शर्टावर सांडलं, डोळे भरून आले. हरिचंद्रानं पाठ चोळली. ठसका थांबल्यावर साहेबांनी पापडाचा तुकडा मोडला, सवयीनं उजेडासमोर धरून त्याची जाडी बघितली, तोंडात टाकला. मग दुसरा मोडला. पापड संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. नुसता आवाज होत होता.

"कॉलेज कधी उघडतंय?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी नळावर माई दिसल्या तसा सुनंदाकाकूंनी हंडा खाली ठेवला.

"काय हो माई, मिळाला का मग कुंदाला अशील?"

"मिळाली," माई म्हणाल्या. "काकड्या विकते."